गादीखालची लड

आमचं अख्खं उन्स्ट बेट माझ्या थोरल्या बहिणीच्या, ऑस्लाच्या, विणकामावर फिदा. मी मात्र कायम ‘ऑस्लाची धाकटी’! यंदा तिने खडकावरच्या दगडफुलाने बारीक लोकर जांभळी रंगवली आणि एक टोक लांब, एक आखूड अशी तिरकी शाल विणायला घेतली. मी शेवटची लड गादीखाली दडवलीच. बस म्हटलं अर्धवट शाल घेऊन!

पण एका टाक्यापासून वाढत जाणारी ही शाल थांबाल तिथे पूर्ण होते. ऑस्लाने खुशाल टाके बंद केले.

“लड हरवल्याचं काहीच वाटत नाही तुला?” न राहवून मी विचारलं.

“वाटतं ना! तुझ्या पहिल्या शालीसाठी राखली होती, वेडाबाई. तसला रंग पुन्हा उतरायचा नाही.”

आता त्या लोकरीचा मी एक टाका जरी घातला, तरी ऑस्ला लांबून ओळखेल.