खांबावरचा माणूस

छपरावर सोलर बसवलं ते ह्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी. बसवणारा जाताना म्हणाला, "आजी, बाहेरची लाईट गेली की ही पण बंद होणार. कायदाच आहे तसा. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत शिरून खांबावरचा माणूस मरेल."

"डोक्यावर ऊन आणि घरात अंधार! असला कायदा करणारा कधी पंख्याशिवाय बसलाय का?" मी सुनावलं.

परवा भर दुपारी लाईट गेली. जोडीला ठेवलेला सिलिंडरही संपला. ह्यांचे ओठ निळे पडायला लागले, तसा धाकटा पक्कड घेऊन उठला. "आई, दोन वायरी फिरवतो, सोलर चालू होईल. खड्ड्यात गेला कायदा!"

थोरला आमचा लाईनमन. लाईट गेली की तो कुठल्या तरी खांबावर चढलेला असतो, आणि फोन खाली गाडीत.

"हात लावशील तर याद राख. वर तुझा दादा आहे."

मी ह्यांचा हात धरून बसले. गार पडला तरी सोडला नाही.

* * *

पंखा फिरायला लागला आणि मागोमाग थोरल्याचा फोन आला, "आई, आली ना लाईट? बाबांचं मशीन लाव आधी."