फीपुरतं लग्न

ओहायोतल्या कॉलेजने मॅरनला फीसाठी मदत नाकारली. चोवीसच्या आतली, त्यात अविवाहित, म्हणून सरकारी नियमाने ती वडिलांवर अवलंबून. आणि वडिलांचा पगार कागदावर भरपूर. शिक्षण सुटू नये म्हणून तिने आपला प्रियकर कोल्टन याच्याशी कोर्टात गुपचूप लग्न उरकलं.

रविवारी जेवताना तिने रडत रडत सांगून टाकलं, "बाबा, लग्न झालं की आईवडिलांचा पगार धरत नाहीत. म्हणून..."

बाबा खो खो हसत सुटले. "रडतेस काय वेडे! दुसऱ्या वर्षाला असताना मीसुद्धा हेच केलं होतं."

बटाटे वाढता वाढता आईचा डाव हवेतच थांबला.

"अस्सं! म्हणजे गुडघ्यावर बसून 'तुझ्याशिवाय जगू शकत नाही' म्हणालास, ते फीसाठी होतं होय?"