धक्क्यावरून हात

साहेब, वहिनी, ठेवा त्या बॅगा खाली, इथला हमाल आहे मी, पळून नाही जात कुठं. रांग लांब आहे, तोवर या जाळीपाशी घडलेलं सांगतो.

करोनाचा जोर होता तेव्हाची गोष्ट. बोटीवर चढायच्या आधी प्रत्येकाच्या नाकात काडी घालायचे. एक म्हातारं जोडपं आलेलं, मूळचं दापोलीकडचं, पण आता इथंच राहणारं. म्हातारा जन्मभर मालबोटीवर खलाशी. तो निघाला की बायको दर वेळी इथूनच हात हलवायची. या वेळी दोघं मिळून बोटीच्या सफरीला जाणार होती. मला म्हणाली, "भाऊ, बोटीवरून हा धक्का कसा दिसतो, ते एकदा बघायचंय."

टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हाताऱ्याची. त्याच्यासोबतची म्हणून तिलाही अडवलं. म्हातारा टेबलावरच्या साहेबाच्या हातापाया पडला, "हिला तरी सोडा. आज मी खालून हात करतो."

"नियम आहे, आजोबा."

त्यांच्या बॅगा मीच परत आणल्या. बोट सुटली, तसा म्हातारीनं सवयीनं हात वर केला. नवऱ्याला म्हणाली, "रडताय काय? आज तुम्ही बाजूला तरी आहात."

पुढं म्हातारा बरा झाला. पण त्याचा आजार तिला लागला, आणि तो आजार तिला घेऊनच गेला.

आता बोट सुटायची असली की म्हातारा तिथं येऊन उभा राहतो. तो बघा, निळ्या टोपीवाला. बोटीकडं बघून हात हलवतो. वरची माणसं फोटो काढण्यात गुंग, कोणी बघत नाही.

साहेब, वर गेलात की एवढं करा. वहिनींना कठड्याशी उभं करा, आणि त्या निळ्या टोपीकडं बघून हात हलवायला सांगा त्यांना.