पाय पुढे कर

"बूट काढा! सगळ्यांनी! डेर्क, तूसुद्धा!"

आलेइडा फाटकात आडवी उभी होती, हातात पाण्याची नळी घेऊन. मार्चचा गारठा, पायाखाली चिखल. सगळी वाडी फाटकाबाहेर एका पायावर नाचत रबरी बूट ओढत होती आणि तिच्या नावाने बोटं मोडत होती.

"तळं उघडायचंय की ऑपरेशन करायचंय गं?" डेर्क म्हणाला.

"ऑपरेशनच. पाय पुढे कर."

तिने नळी त्याच्या बोटांच्या बेचक्यात धरली. साठी उलटलेला माणूस पोरासारखा किंचाळला. हशा पिकला.

घरामागचं तळं दोन हिवाळे काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं होतं. खाली क्रॅसुला मरत होतं, निदान मरावं अशी आशा होती. बागेच्या दुकानात गोंडस कुंडीत घालून विकलेलं परकं पाणगवत. नखाएवढा तुकडा बुटाला चिकटून आला तरी त्याचा गालिचा होतो. या तळ्यावर तो इतका दाट झाला होता की मांजर त्यावरून चालत पलीकडे गेलं. आज प्लास्टिकखाली एक हिरवी काडी दिसली तरी सोमवारी मातीचे ट्रक येणार आणि तळं कायमचं बुजणार. आलेइडानेच तसं ठरवलं होतं. अंडी घालायला बेडूक दर वसंतात याच तळ्यावर येतात, गेल्या दोन्ही वसंतात आले आणि प्लास्टिकवर नुसते बसून राहिले. तिने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा पाहायची तिची तयारी नव्हती.

"धरा कडा! ओढा!"

प्लास्टिक चपचप आवाज करत सुटलं. सडक्या अंड्यासारखा वास आला. खाली काळा, गुळगुळीत गाळ. सगळे गुडघ्यांवर आले, नाकं गाळाला लावून.

"इकडे काही नाही!"

"इकडेही नाही!"

"थांबा! हे हिरवं काय?"

आलेइडाने बोटाने उकरलं. बाटलीची काच निघाली.

असा आरडाओरडा वाडीने फुटबॉलच्या मॅचलासुद्धा केला नव्हता. कोणीतरी तळं कोरडं ठेवणारा पंप बंद केला आणि जमिनीतलं पाणी हळूहळू गाळावर चढायला लागलं. आलेइडा त्या पाण्याकडे बघत होती.

तेवढ्यात डेर्क अनवाणीच फाटकाकडे धावला आणि बादली घेऊन आला. बादलीत त्याच्या तळ्यातलं पांढरं कमळ.

"पहिलं रोप पहिल्या शेजाऱ्याचं!"

आख्टरहूकमधल्या खेड्यांत पहिला शेजारी म्हणजे बाळ झाल्यावर ज्याला आधी सांगायचं तो, आणि आपण मेल्यावर जो आधी खांदा द्यायला येतो तो. नवऱ्याला नाही म्हणता येतं, त्याला नाही.

"नाही," आलेइडा म्हणाली.

"काय नाही?"

"तुझ्या तळ्यातलं काही आत येणार नाही."

"का? माझ्या तळ्यात घाण आहे?"

"तुझं दाताळं. वाडीत एकच आहे, तुझ्या गोठ्याच्या भिंतीवर टांगलेलं. त्याच दाताळ्याने माझ्या तळ्यातलं गवत उपसलंस, मग समोरच्यांच्या, मग स्वतःच्या. एकदा तरी धुतलंस?"

"अगं, मी मदत केली!"

"हो ना. आम्हाला केलीस, त्या गवतालाही केलीस."

कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले, कारण ते दाताळं प्रत्येकाने नेलं होतं आणि धुतलं कोणीच नव्हतं. एकमेकांच्या उपयोगी पडताना कोण कशाला धुतंय!

डेर्कचे कान लाल झाले. त्याची बायको विलेमीन पुढे आली, बाही वर केली आणि बादलीत हात घातला. कमळाचा कंद वर काढून तिने मुळं मोकळी केली. मुळांना एक बारीक हिरवा दोरा गुंडाळला होता, त्याला जोडीजोडीने पानं.

"डेर्क," ती म्हणाली, "हे बघ."

त्याने तो दोरा बोटावर घेऊन पाहिला. मग बादली उचलून फाटकाबाहेर गेला. पलीकडच्या माळावर ईस्टरच्या होळीसाठी लाकडं रचली होती. त्याने कमळ त्या ढिगावर फेकलं. मागोमाग बादलीही फेकली.

परत आला आणि आलेइडासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"धू."

तिने हात धुतले, मग पाय धुतले. या वेळी तो किंचाळला नाही.

"ते प्लास्टिक उद्या माझ्या तळ्यावर," तो म्हणाला. "आधी घासून दे. दोन्ही बाजूंनी."

दिवस कलला. रिमझिम लागली. पाणी घोट्याएवढं झालं होतं. तेवढ्यात विलेमीनने नवऱ्याचा दंड धरला.

फाटकाखालून एक बेडूक आत आला. थांबला, फुगला, पुन्हा निघाला, माणसांच्या अनवाणी पायांमधून सरळ तळ्याच्या दिशेने.

"आणि याचे पाय?" डेर्क हळूच म्हणाला.

कोणीतरी फिस्सकन हसलं. आलेइडा हसली नाही. ती वाकली, तिने बेडूक उचलला, त्याचं एकेक बोट अंगठ्याने फाकवून पाहिलं आणि नळीची बारीक धार सोडली. बेडूक तिच्या तळहातावर मुतला.

"पास," ती म्हणाली आणि त्याला पाण्याच्या कडेला सोडलं.

फाटकाखालून दुसरा येत होता. त्याच्या मागे आणखी.

डेर्कने तिच्या हातातली नळी घेतली आणि फाटकाशी चिखलात बसकण मारली.

"चला," तो म्हणाला. "पाय पुढे कर."