गरम चहा

"फक्त आजचा दिवस, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "गोंधळ झाला, तर उद्यापासून पुन्हा सगळं मीच बघणार."

मला तेवढंच हवं होतं! आज आमच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगर मी तपासली, मलमपट्टी मदतनीस शकुंतलाताईंनी केली, गोळ्या कशा घ्यायच्या ते फार्मासिस्ट पावसकरांनी समजावलं. डॉक्टरांकडे गेले ते फक्त त्यांचीच गरज असलेले पेशंट.

डॉक्टरांचा चहा रोज गर्दीत गार व्हायचा. साय धरलेला तो कप ते एका दमात संपवायचे. आज चहा आला तेव्हा बाहेरचं बाक रिकामं होतं. त्यांनी नेहमीसारखा मोठा घोट घेतला आणि ते ओरडले, "अहो, जीभ पोळली की!"

आम्ही तिघंही दाराशी धावलो.

डॉक्टर हसत सुटले. "उद्यापासून चहा जरा निववून आणत जा!"