पाच दिवसांचं प्रशिक्षण

मुळशीच्या डोंगरातल्या त्या शाळेत आसमा मुलाणी या एकट्याच बाई. 'वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं' या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जाणं सक्तीचं होतं, म्हणून त्यांनी शाळेला कुलूप लावलं आणि पौड गाठलं.

तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या आईचा, रंभाबाईंचा फोन आला.

"बाई, शाळा कवा उघडायची? पोरं दिसभर धरणाकडं हिंडत्यात."

"सोमवारी नक्की, रंभाबाई," बाई तोंडावर हात धरून कुजबुजल्या. समोर प्रशिक्षक मुलांना वर्गात खिळवून कसं ठेवायचं, ते पडद्यावर दाखवत होते.

शेवटच्या दिवशी मोबाइलवर अभिप्राय भरायचा होता. 'या प्रशिक्षणाचा आपल्या विद्यार्थ्यांना किती लाभ झाला?' खाली तीनच पर्याय होते: उत्तम, अतिउत्तम, सर्वोत्तम. निदान त्यातल्या त्यात खरं बोलावं म्हणून बाईंनी 'उत्तम'वर बोट ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात पत्र आलं.

'आपण सर्वांत कमी शेरा दिलेला आहे. यावरून आपणांस प्रशिक्षण नीट समजलेले नाही, असे दिसते. सबब, आपण सोमवारपासून पुन्हा पाच दिवस हजर राहावे.'