सज्ज्यावरची जागा

हॉटेलच्या काचा बाहेरून पुसताना त्याची बायको सातव्या मजल्याच्या सज्ज्यावरून पडून मेली. "ती जागा दाखवल्याशिवाय मी हलणार नाही," म्हणत तो लॉबीत ठाण मांडून बसला. पाहुणे बघायला लागले, तसा मॅनेजर कपाळाला आठ्या घालून त्याला वर घेऊन गेला.

तो खिडकीबाहेर पाय टाकणार, तोच मॅनेजर खेकसला, "ओ, आधी पट्टा बांधा." त्याने कपाटातून सुरक्षेचा पट्टा काढला, त्याच्या कमरेला आवळला आणि दोर खांबाला अडकवला.

"पट्टा इथेच होता, मग माझ्या बायकोला का नाही दिलात?" त्याने दात-ओठ खात विचारलं.

मॅनेजर दोर ओढून बघत म्हणाला,

"त्यांचं त्यांचा ठेकेदार बघेल. तुम्ही पडलात तर आमच्या अंगाशी येईल."